धोकादायक क्षेत्रांचे वर्गीकरण करून त्यानुसार विद्युत उपकरण कसे निवडावे

रसायनांच्या कारखान्यात, इंधनाच्या साठवणुकीच्या ठिकाणी किंवा धान्य दळण्याच्या मोठ्या गिरणीत नवा दिवा, नवी मोटर किंवा नवा जंक्शन बॉक्स बसवायचा असला की पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच विचारला जातो : ‘फ्लेमप्रूफ आहे ना?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या स्फोटाची ज्वाला बाहेर पडू न देणारी पेटी, ही संरक्षणाच्या अनेक पद्धतींपैकी एक आहे. ती कोणत्या वायूसाठी, किती तापमानापर्यंत आणि धोक्याच्या कोणत्या क्षेत्रात, म्हणजे झोनमध्ये, चालेल, हे त्या एका शब्दातून कळत नाही. त्याचे उत्तर आधी जागेकडून आणि पदार्थाकडून मिळवावे लागते आणि मगच उपकरणाच्या नेमप्लेटकडे वळावे लागते. या लेखात तोच क्रम पाळला आहे.

पदार्थापासून सुरुवात

आग लागण्यासाठी जळणारा पदार्थ, ऑक्सिजन आणि ठिणगी किंवा उष्णता या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. हवेतला ऑक्सिजन सहसा काढून टाकता येत नाही. त्यामुळे जळणारा पदार्थ हवेत कुठे आणि किती वेळ असतो हे ओळखायचे आणि तिथे ठिणगी किंवा तापलेला पृष्ठभाग येऊ द्यायचा नाही, एवढेच आपल्या हाती उरते. त्यातले पहिले काम म्हणजे क्षेत्राचे वर्गीकरण आणि दुसरे म्हणजे उपकरणाची निवड. पहिले काम नीट झाले नसेल, तर दुसऱ्यावर केलेला खर्च निव्वळ अंदाजावर केलेला असतो.

कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक ज्वलनशील पदार्थाची नोंद प्रथम करावी. तीत फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवातून पेटण्याइतके बाष्प सुटते), हवेतल्या प्रमाणाची खालची आणि वरची स्फोटक मर्यादा, हवेच्या तुलनेत बाष्पाची घनता, स्वयंप्रज्वलनाचे तापमान (ज्याला पदार्थ ठिणगीविना आपोआप पेटतो) आणि वायुगट (वायू किती सहज पेटतो त्यानुसारचा गट) हे रकाने असावेत. मर्यादांमध्ये किती फरक असतो ते पाहा : मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असतानाच पेट घेतो, तर हायड्रोजन साधारण ४ ते ७५ टक्के या प्रचंड टप्प्यात कुठेही पेटू शकतो. घनतेचा रकाना गळलेला वायू कुठे जाईल हे सांगतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने जमिनीलगत वाहत जातो आणि खड्डे, गटारे व केबलचे चर यांत साठतो. हायड्रोजन हलका असल्याने छताच्या कोपऱ्यांत अडकतो. मिथेनही हलकाच असतो, पण अतिथंड द्रवरूपातून नुकताच बाहेर पडलेला मिथेन गार असेपर्यंत हवेपेक्षा जड असतो आणि खालीच पसरतो. माहितीपत्रकावरचा आकडा आणि आपल्याकडची प्रत्यक्ष परिस्थिती यांत असा फरक पडू शकतो, म्हणून पदार्थ कोणत्या दाबाला आणि तापमानाला हाताळला जातो हेही त्याच ओळीत लिहावे. फ्लॅश पॉइंटपेक्षा कमी तापमानाला ठेवलेले तेल बाष्प फारसे सोडत नाही, परंतु पंपाच्या सीलमधून तेच तेल दाबाने फवारले गेले तर त्याचे धुके पेटू शकते.

गळतीच्या जागा शोधणे

यानंतर पाइपलाइनचा आराखडा हातात घेऊन, प्रत्यक्ष यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरला सोबत घेऊन कारखान्यात फिरावे. नुसत्या आराखड्यावर विसंबू नये असे माझे ठाम मत आहे. नमुना प्रत्यक्षात कुठून काढला जातो, फिल्टर उघडताना उरलेला द्रव कुठे सोडला जातो, पिंप कुठे उघडे ठेवले जाते, या गोष्टी कोणत्याही आराखड्यात नसतात. त्या रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असतात.

गळतीच्या प्रत्येक जागेला तीनपैकी एक दर्जा द्यावा. हवेशी संबंध असलेल्या टाकीत द्रवाच्या वरची मोकळी जागा बाष्पाने सतत भरलेली असते. हा सततचा स्रोत आहे. टाकी भरताना श्वास सोडणारी व्हेंट नळी किंवा नेहमी वापरले जाणारे नमुन्याचे ठिकाण नित्य कामकाजातच अधूनमधून बाष्प सोडते. हा प्राथमिक स्रोत आहे. पंपाचे सील, फ्लँज (बोल्टने जोडलेले सपाट सांधे) आणि व्हॉल्व्हचे पॅकिंग नित्य कामकाजात गळत नाहीत, गळले तर क्वचित आणि थोडाच वेळ. हे दुय्यम स्रोत आहेत. सलग वेल्ड केलेल्या पाइपला सहसा स्रोत मानत नाहीत.

येथे वर्गीकरणाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. टाकी फुटणे किंवा भरून ओसंडणे अशा मोठ्या अपघातांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्यात टाकी भरून पेट्रोल ओसंडत राहिले आणि बाष्पाचा ढग साठ्याच्या कुंपणाबाहेरही पसरला. तो ढग पेटल्यावर झालेला स्फोट कोणत्याही झोनच्या रेषेत मावणारा नव्हता. अशा धोक्यावर उपाय पातळी मोजणाऱ्या आणि पुरवठा बंद करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणांनी करायचा असतो. झोन वाढवत नेऊन तो होत नाही.

झोन ठरवणे

वायू आणि बाष्प यांच्यासाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) या संस्थेचे ६००७९-१०-१ हे मानक तीन झोन सांगते. जिथे स्फोटक मिश्रण सतत, दीर्घकाळ किंवा वारंवार असते तो झोन ०. जिथे नित्य कामकाजात ते अधूनमधून तयार होण्याची शक्यता असते तो झोन १. आणि जिथे नित्य कामकाजात ते तयार होण्याची शक्यता नसते व झालेच तर थोडाच वेळ टिकते तो झोन २. वर्षाला १००० तासांहून अधिक म्हणजे झोन ०, १० ते १००० तास म्हणजे झोन १ आणि १० तासांहून कमी म्हणजे झोन २, असा ढोबळ हिशेब या क्षेत्रातले अनेक जण वापरतात. तो उपयोगी आहे, पण त्याला नियम समजू नये.

सततच्या स्रोताभोवती झोन ०, प्राथमिक स्रोताभोवती झोन १ आणि दुय्यम स्रोताभोवती झोन २ ही सुरुवातीची बांधणी झाली. ती वायुवीजनामुळे बदलते, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका इथेच होतात. उघड्यावरच्या पंपाच्या सीलभोवती झोन २ पुरतो. तोच पंप चार भिंतींच्या आत, हवा न खेळणाऱ्या खोलीत असेल तर गळलेले बाष्प पांगत नाही, तासन्तास तिथेच राहते, आणि स्रोत दुय्यम असूनही ती खोली झोन १ किंवा त्याहूनही कडक ठरू शकते. उलट हवेचा प्रवाह जोरदार आणि खात्रीचा असेल तर झोनचा विस्तार नगण्य होऊ शकतो. म्हणून वायुवीजनाबाबत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : हवा गळतीला किती पातळ करते, आणि ती हवा किती खात्रीने उपलब्ध असते? एकाच एक्झॉस्ट पंख्यावर भरवसा ठेवून झोन सौम्य करणाऱ्याने तो पंखा बंद पडला तर काय, याचे उत्तर लिहून ठेवले पाहिजे. राखीव पंखा आपोआप सुरू होतो का? हवेचा प्रवाह थांबल्याचे कळवणारा स्विच आहे का? प्रवाह थांबताच प्रक्रिया थांबते का?

झोन २ मध्ये येणारा जमिनीतला खड्डा स्वतंत्रपणे तपासावा. जड बाष्प तिथे उतरून साठून राहते, म्हणून खड्डा अनेकदा झोन १ धरावा लागतो.

धुळीचा वेगळा विचार

पीठ, साखर, कोळसा, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियमची भुकटी या साऱ्यांची हवेत उडालेली धूळ स्फोट घडवू शकते. त्यांच्यासाठी आयईसी ६००७९-१०-२ मध्ये झोन २०, २१ आणि २२ आहेत आणि त्यांचा अर्थ अनुक्रमे ०, १ आणि २ यांच्याशी जुळणारा आहे. मात्र धूळ वायूसारखी पांगून नाहीशी होत नाही. ती तुळयांवर, केबल ट्रेवर आणि मोटरच्या पाठीवर थर होऊन बसते. पहिल्या लहान स्फोटाच्या धक्क्याने हे थर उडतात आणि दुसरा, कितीतरी मोठा स्फोट होतो. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात असेच घडले आणि १४ कामगारांचा जीव गेला. त्यामुळे धुळीच्या क्षेत्रात साफसफाई हा वर्गीकरणाचाच भाग आहे. ती कोण, किती दिवसांनी आणि कशी करणार, हे झोनच्या नोंदीशेजारी लिहावे. दाबाच्या हवेने धूळ उडवणे म्हणजे साफसफाई नव्हे. त्याने ढगच तयार होतो.

बसलेल्या थराचा आणखी एक त्रास असा की तो उपकरणावर पांघरुणासारखा पसरून आतली उष्णता कोंडून ठेवतो. म्हणून उपकरणाच्या पृष्ठभागाचे तापमान दोन कसोट्यांवर तपासतात : ते धुळीच्या ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नसावे आणि ५ मिलिमीटर जाडीच्या थराच्या प्रज्वलन तापमानापेक्षा किमान ७५ अंश कमी असावे. समजा एखाद्या धुळीच्या ढगाचे प्रज्वलन तापमान ४२० अंश सेल्सिअस आणि ५ मिलिमीटर थराचे ३०० अंश आहे. पहिल्या कसोटीने २८० आणि दुसरीने २२५ अंश येतात. यातला लहान आकडा, म्हणजे २२५ अंश, हीच आपली मर्यादा. थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड होत असेल तर मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

नकाशा

ठरलेले झोन आराखड्यावर वरून आणि बाजूने अशा दोन्ही दृश्यांत काढावेत, कारण उंचीची मर्यादा वरच्या दृश्यात दिसत नाही. झोन १ आडव्या-उभ्या छेदणाऱ्या रेषांनी आणि झोन २ एकाच दिशेच्या तिरक्या रेषांनी दाखवण्याची रीत रूढ आहे. झोन ० साठी ठिपके वापरतात. नकाशावर वायुगट आणि तापमान वर्गही लिहावा. खरेदी विभागाला नकाशाएवढेच हातात मिळते. नकाशासोबत स्रोतांची यादी, प्रत्येकाचा दर्जा, वायुवीजनाविषयीचे गृहीतक आणि अंतर कसे काढले त्याचा आधार जोडावा. आधाराविना लिहिलेले ‘३ मीटर’ पाच वर्षांनी कोणालाच तपासता येत नाही.

नकाशा पूर्ण होताच त्याच्याकडे पाहून आणखी एक प्रश्न विचारावा : हे उपकरण झोनच्या बाहेर हलवता येईल का? पॅनेल, स्टार्टर, सॉकेट यांतले बरेच काही चार-पाच मीटर सरकवल्याने साधे उपकरण चालून जाते. याहून खात्रीचे आणि स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

गट आणि तापमान वर्ग

वायुगट सांगतो की वायू ठिणगीने किती सहज पेटतो आणि त्याची ज्वाला किती अरुंद फटीतून बाहेर पडू शकते. गट आय (I) हा मिथेन असलेल्या खाणींसाठी आहे. इतर ठिकाणी आयआयए (IIA) म्हणजे प्रोपेनसारखे वायू, आयआयबी म्हणजे इथिलीनसारखे आणि आयआयसी म्हणजे हायड्रोजन व ॲसिटिलीन. आयआयएच्या वायूंची ज्वाला रोखायला प्रमाणित चाचणीत ०.९ मिलिमीटरपर्यंतची फट चालते, आयआयसीसाठी ती ०.५ मिलिमीटरपेक्षाही कमी लागते. धुळीचे गट असे : आयआयआयए म्हणजे तंतू, आयआयआयबी म्हणजे वीज न वाहणारी धूळ आणि आयआयआयसी म्हणजे वीज वाहणारी धूळ.

तापमान वर्ग उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल ते सांगतो : टी१ म्हणजे ४५० अंश, टी२ म्हणजे ३००, टी३ म्हणजे २००, टी४ म्हणजे १३५, टी५ म्हणजे १०० आणि टी६ म्हणजे ८५ अंश सेल्सिअस. हे तापमान त्या जागच्या वायूच्या स्वयंप्रज्वलन तापमानापेक्षा कमी असले पाहिजे.

गट आणि तापमान वर्ग यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे पक्के बसावे म्हणून दोन पदार्थ शेजारी ठेवून पाहावेत. हायड्रोजन अत्यंत क्षीण ठिणगीनेही पेटतो, पण आपोआप पेटायला त्याला ५०० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणून त्याला आयआयसी गट हवा, तापमान वर्ग मात्र टी१ पुरतो. कार्बन डायसल्फाइड साधारण ९० अंशांनाच आपोआप पेटतो. वाफेच्या उघड्या पाइपनेही तो पेटू शकतो. त्याला टी६ शिवाय पर्याय नाही. आता डायएथिल ईथर घ्या. त्याचा गट आयआयबी आणि वर्ग टी४. साठ्यात दोन दिवे आहेत, एकावर आयआयसी टी३ आणि दुसऱ्यावर आयआयए टी६ लिहिलेले. पहिला गटात पास होतो पण तापमानात नापास. दुसरा तापमानात पास, गटात नापास. ईथरच्या खोलीत दोन्ही चालणार नाहीत, मग ते दोन्ही फ्लेमप्रूफ का असेनात.

अमेरिकन पद्धतीत क्लास, डिव्हिजन आणि ग्रुप असतात : क्लास १ वायूंसाठी, क्लास २ धुळीसाठी, क्लास ३ तंतूंसाठी. डिव्हिजन १ मध्ये ढोबळमानाने झोन ० आणि १ दोन्ही येतात, तर डिव्हिजन २ साधारण झोन २ शी जुळते. यात एक सापळा आहे. अमेरिकन ग्रुप ए म्हणजे ॲसिटिलीन, बी म्हणजे हायड्रोजन, सी म्हणजे इथिलीन आणि डी म्हणजे प्रोपेन; म्हणजे तिथे ए सर्वांत कडक, तर आयईसीच्या आयआयएमध्ये तेच अक्षर सर्वांत सौम्य. आयात केलेल्या यंत्रावरचे अक्षर वाचताना पद्धत कोणती आहे हे आधी पाहावे.

संरक्षणाची पद्धत आणि नेमप्लेट

फ्लेमप्रूफ, म्हणजे ‘डी’, या पद्धतीत स्फोट पेटीच्या आत होऊ शकतो असे गृहीत धरलेले असते. पेटी तो दाब सोसते आणि सांध्यातल्या अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाला गार होऊन विझते. ‘ई’ पद्धतीत मुळात ठिणगी किंवा जादा उष्णता होऊच नये अशी टर्मिनल आणि वायंडिंगची रचना असते. ‘पी’ मध्ये पेटीत स्वच्छ हवेचा दाब राखला जातो. ‘एम’ मध्ये भाग राळेत बुजवलेले असतात. धुळीसाठी ‘टी’ पद्धतीची बंदिस्त पेटी असते. ‘आय’, म्हणजे इंट्रिन्सिक सेफ्टी, या पद्धतीत सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवतात की दोष निर्माण झाला तरी ठिणगी वायू पेटवू शकत नाही. या विचाराला मोठी चालना खाणीतल्या दुर्घटनांनी दिली. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड खाणीत ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले आणि इशाऱ्याच्या विजेच्या घंटेच्या तारांमधील ठिणगीवर संशय घेतला गेला. तोवर एवढ्या कमी दाबाच्या विजेला कोणी धोकादायक मानत नव्हते.

झोन ० मध्ये ‘आयए’ किंवा ‘एमए’ यांसारखे सर्वोच्च दर्जाचेच संरक्षण चालते. नेहमीची फ्लेमप्रूफ पेटी, म्हणजे ‘डीबी’, तिथे चालत नाही. नेमप्लेटच्या शेवटी हा दर्जा लिहिलेला असतो : जीए झोन ० साठी, जीबी झोन १ साठी, जीसी झोन २ साठी, धुळीसाठी डीए, डीबी आणि डीसी. कडक दर्जाचे उपकरण सौम्य झोनमध्ये चालते, उलट चालत नाही. धुळीचा दर्जा डीबी आणि फ्लेमप्रूफचा डीबी उच्चारात सारखे आहेत; पद्धत सुरुवातीला लिहितात आणि दर्जा शेवटी, एवढे ध्यानात ठेवावे. म्हणजे ‘एक्स डीबी आयआयबी टी४ जीबी’ (Ex db IIB T4 Gb) ही ओळ अशी वाचावी : स्फोटक वातावरणासाठी, फ्लेमप्रूफ, इथिलीनच्या गटापर्यंत, १३५ अंशांपर्यंत तापणारे, झोन १ आणि २ साठी. वरच्या ईथरच्या झोन १ मध्ये हे उपकरण बसते.

प्लेटवर वेगळे काही लिहिले नसेल तर हे सारे उणे २० ते अधिक ४० अंश सभोवतालच्या तापमानासाठीच खरे असते. भट्टीशेजारच्या मोटरला ते पुरत नाही. प्रमाणपत्राच्या क्रमांकाअखेर ‘एक्स’ (X) हे एकटे अक्षर असेल तर वापराच्या खास अटी आहेत. त्या प्रमाणपत्रातच वाचाव्या लागतात. मोटर व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) चालणार असेल तर प्रमाणपत्र तशा वापरासाठी आहे का ते पाहावे, कारण कमी वेगात पंख्याची हवा घटते आणि मोटर जास्त तापते.

बसवणे आणि तपासत राहणे

उत्तम उपकरण चुकीच्या ग्लँडमुळे (केबल पेटीत शिरते तिथल्या जोडभागामुळे) निकामी ठरते. फ्लेमप्रूफ पेटीचा एक बोल्ट नसला, न वापरलेले छिद्र प्रमाणित प्लगऐवजी भलत्याच कशाने बुजवले किंवा फ्लँजवर रंग मारला, की ती पेटी फ्लेमप्रूफ राहत नाही. साइटवर तिला नवे छिद्र पाडू नये. तिच्या फ्लँजच्या फटीसमोर भिंत, पाइप किंवा स्टीलचा खांब येऊ नये : आयआयए साठी किमान १०, आयआयबी साठी ३० आणि आयआयसी साठी ४० मिलिमीटर मोकळी जागा लागते. इंट्रिन्सिकली सेफ सर्किटच्या केबल रंगाने ओळखायच्या असतील तर फिका निळा वापरतात आणि त्या इतर केबलपासून वेगळ्या नेतात. बॅरियर (सर्किटमधली ऊर्जा मर्यादित ठेवणारा भाग) आणि ट्रान्समीटर यांचे व्होल्टेज, करंट आणि पॉवरचे आकडे जुळवताना केबलची स्वतःची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स, म्हणजे ऊर्जा साठवण्याची क्षमताही हिशेबात धरावी. लांब केबलवर नेमके तेच राहून जाते.

चालू करण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाची सविस्तर तपासणी करावी. त्यानंतरच्या नियमित तपासण्यांतले अंतर तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय ३ वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये, असे आयईसी ६००७९-१७ सांगते. गंज, कंपन किंवा धूळ जास्त असेल तिथे ते आपणच कमी करावे. मोटर रिवाइंडिंगसाठी पाठवताना आयईसी ६००७९-१९ नुसार काम करणारीच कार्यशाळा निवडावी, कारण सांध्याची मापे किंवा वायंडिंगचे तापमान बदलले तर जुनी नेमप्लेट खरी राहत नाही.

सॉल्व्हंट बदलला, नवा पंप आला, पत्र्याची शेड बंदिस्त केली किंवा खिडक्या लावून घेतल्या, यांपैकी काहीही झाले की नकाशा पुन्हा उघडावा. शेडच्या बाजूंना पत्रे ठोकणाऱ्याला आपण झोन बदलत आहोत हे ठाऊक नसते. म्हणून बदलाच्या मंजुरीच्या अर्जावरच ‘क्षेत्राच्या वर्गीकरणावर परिणाम होतो का?’ हा रकाना असावा आणि विद्युत विभागाची सही झाल्याशिवाय तो अर्ज पुढे जाऊ नये.